जिभेखालची कॅप्सूल

मंडळी, या वीकेंडला जरा औषधांचा इतिहास. बायरने १९७५ मध्ये निफेडिपिन हे औषध बाजारात आणलं, ते अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या दुखण्यासाठी. आत द्रव भरलेली छोटीशी कॅप्सूल. ती फोडून जिभेखाली दिली की काही मिनिटांत बीपी धाडकन खाली येतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग काय! ऐंशीच्या दशकात बीपी वाढलेलं दिसलं की फोड कॅप्सूल, असा रिवाजच पडला, आपल्याकडेही. पेशंटला काही त्रास होत असो वा नसो, आकडा उतरला की सगळे खूश. आमच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवा, मग सर्व्हर मेला तरी चालेल.

गंमत म्हणजे जिभेखालून हे औषध फारसं शोषलंच जात नाही. लाळेबरोबर पोटात जातं तेवढंच काम करतं. पण खरी गोची पुढे आहे. वर्षानुवर्षं जास्त दाबाला सरावलेल्या मेंदूचा दाब एकदम पाडला, तर त्याला रक्तच पुरत नाही. हृदय बिचारं भरपाई म्हणून आणखी जोरात धडधडतं. कॅप्सूलनंतर पक्षाघात, हार्ट अटॅक, मृत्यू अशा नोंदी साठत गेल्या. अमेरिकेच्या एफडीएने हा वापर कधी मंजूर केलेलाच नव्हता!

१९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या ब्रूस साटी यांच्या अभ्यासात या गटातल्या, मुख्यतः झटपट उतरणाऱ्या औषधांवरच्या पेशंटांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे ६० टक्के जास्त दिसला. तुलना होती लघवी वाढवणाऱ्या जुन्या स्वस्त गोळ्यांशी. मोठं भांडण पेटलं. १९९८ मध्ये कुणीतरी हिशोब मांडला: या औषधांची बाजू घेणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्क्यांचे ती बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध, टीकाकारांपैकी ३७ टक्क्यांचे. असो.

औषध तेच, पण १९८९ मध्ये अमेरिकेत त्याचीच नवी गोळी आली होती. कवचाला लेझरने पाडलेलं भोक, आत पाणी शिरलं की औषध दिवसभर हळूहळू बाहेर ढकललं जातं. (रिकामं कवच शौचावाटे तसंच बाहेर पडतं आणि पेशंट हमखास घाबरतात.) अम्लोडिपिनला तर असली युक्तीही लागत नाही, निफेडिपिनची हाफ-लाइफ साधारण २ तास, याची ३० ते ५०. २००२ च्या 'ऑलहॅट' चाचणीत ३३,३५७ पेशंट होते. त्यात अम्लोडिपिनवाल्यांना हार्ट अटॅक जुन्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त आले नाहीत. हार्ट फेल्युअर मात्र जास्त निघालं, पण तो वेगळ्या रविवारचा विषय.