हेडफोनचे कूळ आणि त्याच्या शाखा

हेडफोन ही वस्तू संगीताच्या हौसेतून जन्मली असावी, अशी आज कोणाचीही सहज समजूत होते. परंतु तिचे जुने दप्तर उघडले, तर पहिल्या नोंदी गायनवादनाच्या मैफलीत न सापडता टेलिफोन एक्सचेंजच्या चाकरीत सापडतात. १८८०च्या दशकात एक्सचेंजमध्ये काम करणाऱ्या ऑपरेटरला दोऱ्या ओढण्यासाठी आणि पिना खोचण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे असत, आणि कान मात्र अखंड तारेला जोडलेला हवा असे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेत एझ्रा गिलिलँड यांनी खांद्यावर टेकणारे, एकाच कानाचे आणि चांगलेच जड असे साधन सिद्ध केले. १८९१ साली एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने कानाच्या छिद्रात बसणाऱ्या, रबरी आवरणाच्या, जेमतेम ५० ग्रॅम वजनाच्या जोडीचे पेटंट मिळवले. त्या एक्सचेंजच्या बोर्डावरची पाव इंच जाडीची पिन आजही थोरल्या हेडफोनच्या वायरीच्या टोकाला कायम आहे. नोकरीतून आलेल्या या कुळाची तेवढी खूण वंशजांनी अद्याप टाकलेली नाही.

ध्वनिश्रवणाचा ज्याला खरा नाद आहे, त्याच्या घरी एकाऐवजी चार-पाच हेडफोन नांदताना दिसतात, आणि घरच्यांपासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येक जण त्याला विचारतो, की काम एकच असताना इतक्या जोड्यांचे प्रयोजन काय. या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाच्या हव्यासात शोधण्यापेक्षा वस्तूच्या वंशावळीत शोधणे अधिक न्याय्य आहे, असे मला वाटते. कारण हेडफोनला एकच आदिपुरुष लाभलेला नाही, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या निकडींपोटी त्याच्या शाखा फुटत गेल्या, आणि त्या निकडी पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध असल्यामुळे सर्व शाखांचे गुण एकाच वारसाच्या अंगी उतरणे पदार्थविज्ञानाच्या नियमांनीच अशक्य करून ठेवले.

यांपैकी पहिली शाखा रंगभूमीची; संगीताशी हेडफोनचा पहिला संबंध आला तो पॅरिसमध्ये. १८८१ सालच्या विद्युत-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर प्रेषक मांडून त्यांच्या तारा प्रदर्शनस्थळी आणल्या. दोन रिसीव्हर दोन कानांना लावून उभ्या राहिलेल्या श्रोत्याला गाणे ऐकू तर आलेच, पण गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकल्याचेही जाणवले. दोन कानांना दोन वेगळे ध्वनी पुरवून अवकाशाचा भास उत्पन्न करण्याचा हा आद्य प्रयोग होय. पुढे १८९० पासून पॅरिसमध्ये ‘थिएट्रोफोन’ आणि १८९५ पासून लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ या नावाने वर्गणीदारांना घरबसल्या नाटके आणि संगीत ऐकवणाऱ्या सेवा चालू झाल्या. लंडनचा वर्गणीदार हनुवटीखाली दांडी धरून दोन्ही रिसीव्हर कानांशी लावून बसे. नभोवाणी आल्यावर या सेवांचा अंमल संपला; परंतु चार भिंतींच्या आत, दुसऱ्या कोणाला उपसर्ग न होता, एकट्याने सभागृह अनुभवण्याची वासना मात्र त्यांनी कायमची जागी केली.

दुसरी शाखा आरमाराची. युटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून १९१० साली अमेरिकी आरमाराकडे तपासणीसाठी पाठवला. सोबतचे पत्र जांभळ्या शाईत, निळ्या-गुलाबी कागदावर लिहिलेले असल्यामुळे अधिकाऱ्यांनी प्रथमदर्शनी ते गांभीर्याने घेतले नसले, तरी प्रत्यक्ष चाचणीत त्या साधनाची संवेदनक्षमता त्यांच्याजवळच्या कोणत्याही साधनापेक्षा सरस ठरली; आणि मोठी मागणी नोंदवली तेव्हा उत्तर आले, की एका वेळी दहांपेक्षा अधिक नग बनवता येणार नाहीत. बाल्डविनच्या रचनेत लोखंडी पडदा थेट चुंबकाने ओढला जात नसे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तोलून धरलेली एक बारीक पट्टी हले आणि तिची हालचाल अभ्रकाच्या पडद्याला पोहोचे, त्यामुळे अत्यंत क्षीण संदेशही श्राव्य होई. स्फटिकाच्या रेडिओलाही अशाच तीक्ष्ण कानाची गरज होती, कारण त्या यंत्रात ध्वनीचे वर्धन करण्याची तरतूदच नसे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा स्फटिकाचा संच बाळगणाऱ्या आपल्याकडच्या श्रोत्यांनाही कानाला हेडफोन लावूनच ते कार्यक्रम ऐकावे लागत.

एक्सचेंज आणि आरमार यांच्या या साधनांचा हेतू शब्द कळावा, संदेश उतरवून घेता यावा, एवढाच मर्यादित होता. सुराचा पोत, वाद्याचा गोडवा, मंद्र सप्तकाचा भरदारपणा या बाबी त्यांच्या हिशेबातच नव्हत्या. तो हिशेब बदलला बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी. १९३७ साली त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या ‘डीटी ४८’ या हेडफोनमध्ये, लाउडस्पीकरप्रमाणेच, चुंबकीय क्षेत्रात तारेची हलकी गुंडाळी पडद्यासह मागेपुढे होऊ लागली, आणि ध्वनी अधिक विस्तृत मर्यादेत व अधिक हुबेहूब कानी पडू लागला. तरीही हे साधन रेडिओ केंद्रे, स्टुडिओ आणि प्रयोगशाळा यांच्याच मिळकतीत राहिले. त्याला दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय मिलवॉकीच्या जॉन कॉस यांचे. रुग्णालयांना दूरचित्रवाणी संच भाड्याने देण्याचा व्यवसाय करणाऱ्या या जॅझप्रेमी गृहस्थाने, स्टिरिओ ध्वनिमुद्रिका नुकत्याच बाजारात येऊ लागल्या होत्या त्या १९५८ साली, एका प्रदर्शनात आपला सुटसुटीत रेकॉर्डप्लेअर मांडला आणि त्याला ‘एसपी/३’ नावाचे हेडफोन जोडले; लोकांनी प्लेअरपेक्षा हेडफोनलाच अधिक पसंती दिली, आणि ऑपरेटर, सैनिक व तंत्रज्ञ यांच्या डोक्यावरून ही वस्तू रसिकाच्या डोक्यावर आली.

येथून पुढे कुळात पहिली मोठी वाटणी झाली, ती बंद आणि खुल्या पेल्यांची. बंद पेल्याचा हेडफोन बाहेरचा गलबला आत येऊ देत नाही आणि आतला ध्वनी बाहेर जाऊ देत नाही. ढोलकाचा, डग्ग्याचा खर्ज तो भरघोस देतो. पण पडद्याच्या मागच्या बाजूने निघालेल्या लहरी पेल्यातच कोंडून पुन्हा पडद्यावर आदळतात, आणि पुष्कळदा गाणे लहानशा खोलीत चालले असल्यासारखे वाटते. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा पाठीमागून खुला हेडफोन आणला; पिवळ्या फोमच्या गाद्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या हलक्या जोडीचे पुढे एक कोटीहून अधिक नग खपले. मागच्या लहरींना वाट मिळाल्यामुळे ध्वनी मोकळा झाला. मात्र त्याच वाटेने तो शेजारच्याच्या कानीही जाऊ लागला, आणि रस्त्यावरचा कोलाहलही आत येऊ लागला. रात्री घरची माणसे झोपलेली असताना खुला हेडफोन कामाचा नाही, आणि दुपारच्या निवांत एकांतात बंद हेडफोनने गाण्याभोवतीचे अवकाश विनाकारण आखडते. हा दोष कोणत्या एका कारखान्याचा नव्हे. पेला एकाच वेळी बंद आणि उघडा असू शकत नाही, एवढेच त्याचे कारण.

दुसरी वाटणी ध्वनी उत्पन्न करणाऱ्या पडद्याची. टोकियोच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली ‘एसआर-१’ विक्रीस आणला, त्यात गुंडाळी नव्हतीच; केसाहून कितीतरी पातळ असा विद्युत्भारित पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये ताणलेला असतो आणि त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर एकाच वेळी बल कार्य करते. एवढ्या हलक्या पडद्याला थांबायला आणि सुटायला वेळ लागत नाही, म्हणून सूक्ष्म तपशिलात हा प्रकार अव्वल मानला जातो; पण त्याला शेकडो व्होल्टचा दाब पुरवणारे स्वतंत्र यंत्र लागते, त्यामुळे तो घराबाहेर नेणे सहसा सोयीचे नसते. १९७६ साली यामाहाच्या ‘एचपी-१’ मध्ये पातळ पडद्यावरच वाहक पसरून तो चुंबकांच्या मध्ये ठेवण्याची तजवीज झाली. याच जातीचे आजचे थोर वंशज खर्जाच्या खोलीबद्दल वाखाणले जातात, परंतु चुंबकांच्या भाराने त्यांतील काहींचे वजन अर्धा किलो वा त्याहूनही अधिक भरते, आणि तासाभरात मान त्याची जाणीव करून देते.

तिसरी शाखा प्रवासाची. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानच्या बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ५० ग्रॅमचा हेडफोन दिलेला होता; तत्कालीन हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळते. त्याच्या आदल्या वर्षी, युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात दिलेला हेडफोन इंजिनाच्या घरघरीपुढे निकामी ठरलेला पाहून, प्राध्यापक अमर बोस यांनी प्रवासातच त्या घरघरीला तिच्याच उलट लहरीने शमवण्याचे गणित मांडायला घेतले. मूळ तत्त्व पाउल ल्यूग यांच्या १९३६ सालच्या पेटंटात नमूद होते. वैमानिकांसाठी ते १९८९ साली आणि सामान्य प्रवाशासाठी २००० साली वापरात आले. १९९१ साली मीड किलियन यांच्या एटिमोटिक संस्थेने ‘ईआर-४’ हा कानाच्या नळीत घट्ट बसणारा इअरफोन काढला. त्यातली तोललेली पट्टी ही बाल्डविनच्याच तत्त्वाची, श्रवणयंत्रांच्या मार्गाने आलेली पणती होय.

या शाखाभेदाची रुजुवात करायची, तर विलंबित ख्यालाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण घ्यावे आणि ते सारख्याच पातळीवर निरनिराळ्या जोड्यांतून ऐकावे. स्टॅक्सच्या जातीच्या हेडफोनमध्ये तानपुऱ्याची जवारी उलगडते. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून एकामागून एक उमलणारे स्वयंभू गंधार-पंचम वेगवेगळे मोजता यावेत इतके सुटे होतात. खुल्या हेडफोनमध्ये गायकाचा आवाज छातीतून निघून समोर पसरल्यासारखा वाटतो आणि सारंगी त्याच्या बाजूला, थोडी मागे, आपली जागा धरून बसते. बंद हेडफोनमध्ये हेच चित्र जवळ येते, पण डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड अंगावर येते, जी खुल्या जोडीत पुष्कळदा निसटती राहते. इअरफोनचे शास्त्र तर याहून नाजूक: रबरी टोपी नळीत सैल बसली असेल, तर डग्गा जवळजवळ नाहीसा होतो आणि तबल्याची चाटच तेवढी टकटकत राहते, टोपी बोटाने सुतभर आत सारावी, की तत्क्षणी खर्ज परत येतो. चष्मा लावणाऱ्याच्या बाबतीत काडीने गादी किंचित उचलली गेली, तरी बंद हेडफोनची हीच गत होते. लोकलच्या गर्दीत स्टॅक्सच्या जातीचा आणि खुला हेडफोन निरुपयोगी, इअरफोनच खरा सोबती.

याशिवाय आणखी एक फेरफार आहे, तो यंत्रात नसून ऐकणाऱ्याच्या देहात आहे. कानाची पाळी आणि कानाची नळी ध्वनीला आपापल्या आकाराप्रमाणे घडवतात. नळीच्या अनुनादाने तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर प्रत्येकालाच उठावदार ऐकू येतात, पण नेमके कोठे आणि किती, ते माणसागणिक बदलते. लाउडस्पीकरचा ध्वनी या घडणीतून आपोआप जातो. हेडफोन ती ओलांडतो किंवा बिघडवतो, म्हणून त्याच्या निर्मात्याला तिचा अंदाज बांधून भरपाई करावी लागते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या दशकात अनेक श्रोत्यांवर प्रयोग करून अशी एक सरासरी वक्ररेषा निश्चित केली. बहुसंख्यांनी ती पसंत केली, पण काहींना खर्ज अधिक हवा होता, काहींना कमी. सरासरी म्हणजे कोणा एकाचा कान नव्हे, हे त्या शोधानेच सिद्ध झाले.

आता संगणकाच्या साहाय्याने कोणत्याही हेडफोनचा स्वरतोल हवा तसा बदलता येतो, तेव्हा एकच जोडी सर्वांचे काम करील, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, आणि अनेकांनी तो मार्ग अवलंबावा असे मी आग्रहाने म्हणेन, कारण त्यात खर्च नाही. परंतु स्वरतोल बदलला म्हणून बंद पेला उघडत नाही, जड चुंबक हलके होत नाहीत, सहाशे ओहमचा हेडफोन मोबाइलवर पुरेसा जोर धरत नाही, आणि शेजारच्या खोलीतील माणसाची झोपही वाचत नाही. म्हणून ज्याला दुसरी जोडी घ्यायची असेल, त्याने पहिलीचीच किंचित महाग आवृत्ती घेऊ नये. तसे करण्याने पैसा जातो आणि ज्ञान वाढत नाही. घरात खुला हेडफोन असेल तर बंद घ्यावा, दोन्ही असतील तर प्रवासाचा इअरफोन घ्यावा, आणि प्रत्येक जोडी कोणत्या निकडीतून जन्मली हे जाणून त्या निकडीच्या वेळीच तिला हाती घ्यावे. असा बंदोबस्त ज्याने केला, त्याच्या कपाटातली प्रत्येक जोडी एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते. आणि प्रश्नच जर अनेक असतील, तर उत्तरे अनेक बाळगणाऱ्यावर हव्यासाचा आरोप टिकत नाही.