रैना, अंकिता

(११ जानेवारी १९९३– ). भारतीय व्यावसायिक टेनिसपटू. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १६० व्या क्रमांकापर्यंत (मार्च २०२०) आणि दुहेरीत पहिल्या शंभरांत मजल. जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (२०१८) एकेरीचे कांस्यपदक. जन्म अहमदाबाद येथे, मूळच्या काश्मिरी पंडित कुटुंबात. टेनिसपटू म्हणून त्यांची खरी घडण पुण्यात झाली आणि कारकिर्दीचा मोठा काळ याच शहराच्या आधारावर उभा राहिला.

जडणघडण : मोठ्या भावाच्या पाठोपाठ त्यांनी लहान वयातच रॅकेट हाती घेतली. २००७ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्या आईसह पुण्यात राहायला आल्या आणि पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे सराव करू लागल्या. टेनिस शिकणाऱ्या मुलीला पुण्यात तीन गोष्टी मिळत होत्या : जिमखान्यांची जुनी परंपरा, राष्ट्रीय पातळीवर खेळणारे सराव-सोबती आणि घराजवळ होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. डेक्कन जिमखान्यावर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) महिलांची स्पर्धा वर्षानुवर्षे भरत आली आहे. परदेशवारीचा खर्च न करता परदेशी खेळाडूंशी सामना करण्याची संधी अशा स्पर्धांमुळे मिळते. भारतातील बहुतेक मुलींच्या वाट्याला ती येत नाही.

व्यावसायिक कारकीर्द : २००९ पासून त्या व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. महिला टेनिसच्या उतरंडीत सर्वांत खाली आयटीएफच्या स्पर्धा असतात. तेथे बक्षिसाची रक्कम आणि गुण दोन्ही तुटपुंजे. त्या काळी २५ हजार डॉलरच्या स्पर्धेची विजेतीही मायदेशी परते तेव्हा विमानभाडे, निवास आणि प्रशिक्षकाचा खर्च वजा जाता तिच्या हाती फारसे काही उरत नसे. क्रमवारीतील गुण ५२ आठवडेच टिकतात, म्हणून मिळवलेले स्थान राखण्यासाठीही दरवर्षी तेवढेच जिंकावे लागते. रैना यांनी या वर्तुळात अनेक वर्षे काढली. २०१२ मध्ये दिल्लीत त्यांनी एकेरीचे पहिले आयटीएफ विजेतेपद मिळवले, तर डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातच २५ हजार डॉलर गटातील स्पर्धा जिंकली. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना एकेरी आणि मिश्र दुहेरीत सुवर्णपदके मिळाली.

कारकिर्दीला खरी कलाटणी मिळाली ती २०१८ मध्ये. मार्चमध्ये त्यांनी ग्वाल्हेरची आयटीएफ स्पर्धा जिंकली आणि एप्रिलमध्ये एकेरीच्या पहिल्या दोनशे खेळाडूंत प्रवेश केला. निरुपमा वैद्यनाथन, सानिया मिर्झा, शिखा उबेरॉय आणि सुनीता राव यांच्यानंतर हा टप्पा गाठणाऱ्या त्या पाचव्या भारतीय महिला ठरल्या. ऑगस्टमध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत उपांत्य फेरीत चीनच्या झांग शुआईने त्यांना ४-६, ६-७ असे हरवले. तरी या स्पर्धेत एकेरीचे पदक मिळवणाऱ्या सानिया मिर्झानंतरच्या त्या दुसऱ्या भारतीय महिला होत. वर्षअखेरीस करमन कौर थंडीच्या साथीत त्यांनी तैपेई येथील महिला टेनिस संघटनेच्या (डब्ल्यूटीए) १२५ दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळवले. जानेवारी २०१९ मध्ये सिंगापूर येथील आयटीएफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सच्या अरांचा रुसला नमवले आणि त्याच वर्षी चीनमध्ये यूएस ओपनच्या माजी विजेत्या सामंथा स्टोसरलाही पराभूत केले.

ग्रँड स्लॅम : ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीत थेट प्रवेश साधारणपणे क्रमवारीतील पहिल्या शंभर-एकशेपाच खेळाडूंनाच मिळतो. बाकीच्यांना पात्रता फेरीत सलग तीन सामने जिंकावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये रैना यांनी त्यांतले दोन जिंकले. करोना साथीमुळे ऑस्ट्रेलियन ओपनची ही पात्रता फेरी दुबईत झाली होती. तिसऱ्या सामन्यात त्या सर्बियाच्या ओल्गा दानिलोविचकडून तीन सेटमध्ये हरल्या. एकेरीच्या मुख्य फेरीच्या त्या एवढ्या जवळ गेल्या, पण तो उंबरठा ओलांडता आला नाही. मेलबर्नमध्ये रोमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूच्या साथीने त्या दुहेरीच्या मुख्य फेरीत खेळल्या. पहिल्या फेरीतील पराभवानंतर काही दिवसांतच रशियाच्या कामिला राखिमोवासह त्यांनी फिलिप आयलंड ट्रॉफीची दुहेरी जिंकली. हे त्यांचे मुख्य डब्ल्यूटीए मालिकेतील पहिले विजेतेपद. त्यामुळे दुहेरीत त्या पहिल्या शंभरांत आल्या. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये मिश्र दुहेरीत रामकुमार रामनाथनसह त्यांचा सामना सानिया मिर्झा–रोहन बोपण्णा जोडीशी झाला आणि ग्रँड स्लॅममध्ये दोन भारतीय जोड्या समोरासमोर आल्या.

भारतीय संघात : देशासाठी खेळताना रैना यांनी स्वतःच्या क्रमवारीपेक्षा वरच्या खेळाडूंना वारंवार हरवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या लढतींत त्यांनी चीनची झू लिन आणि कझाकस्तानची युलिया पुतिन्त्सेवा यांना नमवले. मार्च २०२० मध्ये दुबईत भारत प्रथमच या स्पर्धेच्या प्ले-ऑफमध्ये पोहोचला, त्यात सानिया मिर्झासोबतच्या त्यांच्या दुहेरीच्या विजयांचा मोठा वाटा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) याच जोडीने युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध पहिला सेट ६-० असा जिंकून दुसऱ्यात ५-३ अशी आघाडी घेतली होती. तरीही सामना ६-०, ६-७, ८-१० असा हातचा गेला. त्याच वर्षी रैना यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग कपच्या (पूर्वीचा फेड कप) आशिया-ओशेनिया गटाच्या लढती पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडी येथे झाल्या. दक्षिण कोरियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेसोबत त्यांनी निर्णायक दुहेरी जिंकली आणि भारत पुन्हा प्ले-ऑफसाठी पात्र ठरला.

मूल्यमापन : उजव्या हाताने खेळणाऱ्या, दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्या रैना यांचे बळ बेसलाइनवरून चिवटपणे रॅली लांबवण्यात आणि लांबलेल्या सामन्यात धीर न सोडण्यात आहे. सानिया मिर्झा २०१३ मध्ये एकेरीतून निवृत्त झाल्यावर भारताच्या महिला एकेरीचा भार दीर्घकाळ त्यांच्यावर राहिला. त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप केवळ ग्रँड स्लॅमच्या निकालांवरून करणे अन्यायाचे ठरेल. मोठ्या अकादमीचे पाठबळ नसताना, शहरातल्या जिमखान्यावर घडलेली मुलगी पंधराहून अधिक वर्षे जागतिक क्रमवारीत टिकून राहते, ही भारतीय टेनिसमधील दुर्मीळ गोष्ट आहे. पुण्यात सराव करणाऱ्या पुढच्या खेळाडूंनीही पदके मिळवली : ऋतुजा भोसले यांनी हांगझो आशियाई स्पर्धेत (२०२३) बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण, तर वैष्णवी आडकर यांनी २०२५ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत एकेरीचे कांस्य पटकावले. पुण्यात राहून आशियाई पदकापर्यंत पोहोचता येते, हे या पिढीपुढे रैना यांनी आधीच सिद्ध करून ठेवले होते.