गोळ्यांची बेरीज: ९६ तास

यातली आजी आणि तिचे घर कल्पित आहे. गोळ्यांची मात्रा आणि यकृताचा ऱ्हास मात्र वैद्यकाला ओळखीचा आहे.

९६ तास आधी: सोमवार, सकाळी ८
वर्सोव्याचा कोळीवाडा. पावसाळी मासेमारीबंदी, म्हणून मुलगा घरीच. ७६ वर्षांच्या, ४२ किलोच्या आजीचे अंग कसकसते आहे. थर्मामीटर ९९.६ दाखवतो. “आये, ताप काय जास्ती नाय,” म्हणत मुलगा ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल देतो. पण उतारवयात कमी तापावर विसंबता येत नाही. थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत आलेली असते, संसर्गाशी लढणाऱ्या नव्या टी-पेशी कमी बनतात; शिवाय या वयात मोठ्या संसर्गातही अंग अनेकदा फारसे तापत नाही.

८२ तास आधी: सोमवार, रात्री १०
दिवसभरात तापाच्या गोळ्या ४. सुनेने आणलेली सर्दीची गोळी ३ वेळा. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. गुडघ्याची नेहमीची गोळी २ वेळा, तिच्यात ३२५. बेरीज ४७५०. धडधाकट प्रौढाची दिवसाची मर्यादा ४०००. इतक्या हलक्या, थकलेल्या देहासाठी ती आणखी खाली येते. घरात तीन औषधे आहेत, पण तिन्हींत एकच औषध आहे हे कुणाला माहीत नाही.

७२ तास आधी: मंगळवार, सकाळी ८
आजी पेजेचे दोन घास घेऊन वाटी सारते. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथिओन ते निकामी करते. उपासाने ग्लुटाथिओनचा साठा घटतो. म्हातारपणी यकृतही लहान झालेले असते, त्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. गोळ्या कालच्यासारख्याच चालू.

४८ तास आधी: बुधवार, सकाळी ८
मळमळ. “पित्त झालंय,” आजी म्हणते. पोट फारसे दुखत नाही, पण आत यकृताच्या पेशी मरू लागल्या आहेत. मेलेल्या पेशींकडे प्रतिकारपेशी धावतात. साफसफाई करून त्यांनी थांबायचे असते. वयस्क शरीरात मात्र आधीच मंद दाह धुमसत असतो. इटालियन शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटले. संसर्गापुढे सुस्त राहणारी यंत्रणा दाह आवरायलाही उशीर लावते, आणि नव्या यकृतपेशी घडण्याचा वेगही वयाबरोबर मंदावतो. मळमळ पित्ताची समजून आजच्याही गोळ्या पोटात जातात. रात्रीपर्यंत तीन दिवसांची बेरीज १४,२५०.

२४ तास आधी: गुरुवार, सकाळी ८
लघवी गडद, डोळे पिवळे. रक्त तपासणीत यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी हजारांत, एरवी ते साधारण ४०च्या आत असते. डॉक्टर विचारतात, “कोणत्या गोळ्या, किती, कधीपासून?” एकाच वेळी जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर आठ तासांच्या आत एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुरू केल्यास यकृत बहुधा वाचते. इथे विषबाधेचा पहिला तास कोणता हेच सांगता येत नाही. रक्तातल्या पातळीवरून धोका ठरवायचा रुमॅक-मॅथ्यू तक्ता अशा रुग्णांना लागू पडत नाही. एडिनबरोत १९९२ ते २००८ मधल्या ६६३ रुग्णांच्या अभ्यासात १६१ जणांनी अशीच थोडी थोडी करून मात्रा ओलांडली होती. ते वयाने मोठे होते, आणि एकदम गोळ्या घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू जास्त झाले.

शून्य तास: शुक्रवार, सकाळी ८
आजी मुलाला ओळखत नाही. रक्त गोठायला वेळ लागतो, मेंदूवर गुंगी आहे: यकृत निकामी झाले आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन उशिरा दिले तरी काहींना तारते, म्हणून ते चालूच आहे. प्रत्यारोपणाचा पर्याय या वयात क्वचितच उरतो.

सोमवारी रात्री हे टाळता आले असते. त्यासाठी तिन्ही पाकिटांमागची बारीक अक्षरे वाचून मिलिग्रॅम जोडायला हवे होते, आणि ताप ‘कमी’ असतानाच आजीला, त्या पाकिटांसकट, डॉक्टरकडे न्यायला हवे होते.