जेटान : मंगळावरच्या बुद्धिबळाचे अर्धवट नियम

बुद्धिबळाचा इतिहास सांगताना आपण एक ठरलेली वाट धरतो. भारतातले चतुरंग, मग इराण आणि अरबांचे शतरंज, मग युरोप. शह, मात, प्यादे, वजीर हे आपले शब्द त्याच वाटेवरचे, फारसी-अरबीतून मराठीत रुळलेले. या वाटेला १९२२ साली अमेरिकेत एक चमत्कारिक फाटा फुटला. ‘टारझन’चा लेखक एडगर राइस बरोज याने ‘द चेसमेन ऑफ मार्स’ ही विज्ञानकादंबरी लिहिली आणि तिच्यात मंगळावरच्या लोकांसाठी एक पटावरचा खेळ रचला. त्याचे नाव जेटान. नुसते वर्णन करून तो थांबला नाही, शेवटी परिशिष्ट जोडून नियमही दिले. तेव्हापासून खेळणारे त्या नियमांवर वाद घालत आहेत.

पट दहा बाय दहाचा, काळ्या आणि नारिंगी घरांचा. प्रत्येकाकडे वीस सोंगट्या. मागच्या रांगेत मधोमध सरदार आणि राजकन्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना फ्लायर, ड्वार, पॅडवार आणि कोपऱ्यात वॉरियर. पुढच्या रांगेत आठ पँथन म्हणजे भाडोत्री शिपाई, आणि दोन टोकांना थोट हे घोडेस्वार. आपल्या कोणत्याही सोंगटीने समोरच्याची राजकन्या गाठली किंवा आपल्या सरदाराने त्याचा सरदार मारला की डाव जिंकला. सरदाराला दुसऱ्या कुणी मारले तर मात्र डाव बरोबरीत.

इथवर सोपे आहे. पंचाईत अशी की नियम पुस्तकात दोनदा येतात, एकदा दुसऱ्या प्रकरणात पात्राच्या तोंडून आणि एकदा परिशिष्टात, आणि दोन्ही जुळत नाहीत. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. प्रकरणात थोट मधल्या सोंगटीवरून उडी मारू शकतो. परिशिष्टात उडीचा उल्लेख नाही. प्रकरणात वॉरियर सरळ किंवा तिरका दोन घरे चालतो. परिशिष्टात फक्त सरळ.

पुष्कळ जण म्हणतात, परिशिष्ट हेच नियमपत्र, तेच प्रमाण माना. मला हे सरसकट पटत नाही. वॉरियरबाबत परिशिष्ट स्पष्ट बोलते, तेव्हा तिथे त्याचेच ऐकावे. थोटच्या उडीबाबत ते गप्प आहे. एका ठिकाणी स्पष्ट दिलेली परवानगी दुसऱ्या ठिकाणच्या मौनाने रद्द होत नाही. याला एक उत्तर आहे आणि ते वजनदार आहे : परिशिष्टात फ्लायर आणि राजकन्येच्या उड्या आवर्जून नोंदवल्या आहेत, मग थोटचीच का वगळली? तरीही मी थोटला उडी देतो. बिनउडीचा घोडेस्वार त्या गर्दीच्या पटावर मला फारच जखडलेला वाटतो.

दुसरा वाद ‘दोन घरे’ या शब्दांचा. बरोबर दोन, की दोनपर्यंत? मजकुरात ‘पर्यंत’ नाही. तो शब्दशः घेतला तर पॅडवारचे काय होते पाहा. तो तिरका दोन पावले चालतो, मध्ये दिशा बदलू शकतो. कसाही फिरवा, शंभरातली पंचवीसच घरे त्याच्या वाट्याला येतात. हे पाहून शतरंजमधला जुना फील आठवतो. तो तिरका दुसऱ्या घरात उडी मारायचा आणि चौसष्टपैकी आठच घरे गाठू शकायचा. बगदादच्या अस-सूलीसारख्या उस्तादांनी, दहाव्या शतकात, अशाच लंगड्या मोहऱ्यांनिशी खेळून ग्रंथ लिहिले. तेव्हा सोंगटी दुबळी राहते म्हणून शब्दार्थ सोडायचे कारण नाही. मी बरोबर दोनच धरतो.

तिसरा मुद्दा सर्वांत गमतीचा. राजकन्या कुणाला मारू शकत नाही आणि धोक्याच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. तिला डावात एकदाच दहा घरांची पळण्याची चाल मिळते. ही चाल एका सरळ रेषेतच करायची, असे काही जण मानतात. पण पट दहा घरांचा आहे. एका कडेवरून निघालात तर समोरच्या कडेपर्यंत नऊच पावले होतात. दहा पावले एका रेषेत मावतच नाहीत! म्हणजे वळणे घेणे भाग आहे. आणि वळणे घेत, सरळ-तिरकी मिसळत दहा पावले टाकता आली, तर पटावरचे कोणतेही घर तिला मिळू शकते, फक्त ते धोक्याचे नसावे.

कादंबरीत मॅनेटर नावाच्या शहरात हा खेळ जिवंत माणसे उभी करून खेळतात. तिथे घरात शिरलेला आपोआप जिंकत नाही. दोघे मरेपर्यंत लढतात, जो उरेल त्याचे घर. हेलियमची राजकन्या तारा तिथे पैजेवर लावलेली असते. हा नियम लाकडी पटावर आणू नये, परिशिष्टात तो नाही. पण कथेचा हा भाग वाचल्यावर पटावरची राजकन्या अशी का, ते कळते. तिच्यासाठी सगळे मरतात आणि तिला हत्यार मात्र दिलेले नाही. शतरंजचा फर्ज, म्हणजे वजीर, पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सर्वांत बलवान राणी झाला. बरोजची राजकन्या त्यानंतर चारशे वर्षांनी आली आणि तिला फक्त पळता येते. मला हे खटकते.

सरदाराच्या बरोबरीचा नियम मात्र मी तसाच ठेवतो, जरी त्याने डाव फार वेळा अनिर्णित सुटतात. हरणारा खेळाडू शेवटी कसाबसा समोरच्या सरदारावर झडप घालतो आणि सुटतो. नियमांबाबत असे मतभेद शतरंजमध्येही होतेच. एकटा उरलेला शाह हरला असे मानत, पण त्याने पुढच्याच चालीत समोरच्याची शेवटची सोंगटी मारली तर बहुतेक मुस्लिम मुलखांत डाव बरोबरीत सुटायचा. मदिनेत मात्र त्यालाही हारच म्हणत. तेव्हा जेटान मांडण्याआधी थोटची उडी, पॅडवारची पावले आणि राजकन्येची पळण्याची चाल, या तीन गोष्टी समोरच्याशी बोलून घ्या, आणि मग पहिली चाल कुणाची ते नाणे उडवून ठरवा.