शालेय मंत्रिमंडळ आणि हस्तलिखित (वर्धा जिल्हा)

विद्यार्थ्यांनी मतदान करून आपल्यातून निवडलेले मंडळ म्हणजे शालेय मंत्रिमंडळ. मुलांचे लेखन, चित्रे आणि शाळेचा वर्षभराचा वृत्तांत एकत्र बांधून काढलेला अंक म्हणजे हस्तलिखित. तोच छापून निघाला तर वार्षिकांक. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांना या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. वर्धा जिल्ह्याची नोंद मात्र वेगळी घ्यावी लागते. मुलांनी मत द्यावे, जबाबदारी उचलावी आणि केलेल्या कामाचा लेखी हिशेब सर्वांपुढे ठेवावा, हा क्रम येथे स्वातंत्र्याच्या आधीच शिक्षणाचा गाभा मानला गेला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला आणि १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाचे काम इ. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने उभे केले. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. विद्यार्थ्यांनी आपला कारभार आपण पाहण्याची रीत रवींद्रनाथांच्या त्या शाळेत होतीच. संघाच्या, वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या शाळेत तिला सूतकताई, शेती, स्वयंपाक आणि सफाईची जोड मिळाली.

‘नयी तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षणाच्या शाळेत आमसभेला मोठे स्थान होते. लहानमोठे सारे एकत्र बसत, निरनिराळ्या कामांसाठी आपल्यातले मंत्री निवडत आणि मुदत संपली की त्यांचे अहवाल ऐकत. अन्नमंत्री झालेल्या मुलाला कोठारातले धान्य, भाजीपाला आणि जेवणाऱ्यांची संख्या यांचा मेळ घालावा लागे. सफाईमंत्र्याचे काम तर कोणालाही डोळ्यांनी दिसे. भाषण चांगले केले म्हणून अशी जबाबदारी निभावत नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळत असणार. त्या काळी प्रांतिक विधिमंडळासाठी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता आणि खेड्यातील बहुसंख्य आईबापांना तो नव्हता. त्यांची मुले मात्र शाळेत मत देत होती. सेवाग्रामच्या प्रयोगाचे मोठेपण या एका गोष्टीत जितके दिसते तितके दुसऱ्या कशात दिसत नाही.

लेखनही याच कारभारातून उगवले. दैनंदिनी लिहिणे हा रोजच्या अभ्यासाचा भाग होता. आज तकलीवर किती तार निघाले, १६० तारांची लटी पुरी झाली का, चार लट्या जमून ६४० तारांची गुंडी कधी भरली, हे मूल स्वतः मांडे. त्यातच गणित येई आणि भाषाही येई. वर्गाचा मासिक आढावा अशा नोंदींवरच उभा राहत असे. आजच्या अर्थाने ते ‘इयरबुक’ नव्हे. पण शाळेने वर्षभर काय केले हे मुलांच्या हातच्या नोंदींतून कळावे, हा वार्षिकांकाचा खरा हेतू त्यात पुरेपूर होता.

हस्तलिखिताची परंपरा अर्थात एकट्या वर्ध्याची नाही. साबरमतीच्या आश्रमशाळेत ‘मधपूडो’ नावाचे गुजराती हस्तलिखित निघे. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिक्षक असताना (१९२४ ते १९३०) वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालवले.

शाळेतले हस्तलिखित तयार होताना पाहणे हा आनंदाचा भाग आहे. दिवाळीच्या सुटीनंतर मराठीचे शिक्षक कविता, कथा, प्रवासवर्णने, कोडी गोळा करतात. शुद्धलेखन तपासून झाले की वळणदार अक्षराची दोनचार मुले निवडली जातात. पेन्सिलीने फिकट रेघा आखायच्या, त्यावर शाईने लिहायचे आणि वाळल्यावर रेघा खोडरबराने पुसायच्या. शेवटच्या ओळीत एक शब्द चुकला तर अख्खे पान पुन्हा लिहावे लागते. मुखपृष्ठ चित्रकलेच्या सरांच्या देखरेखीखाली रंगते. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते आणि ती एकुलती एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते.

निवडणूक त्याच्या कितीतरी आधी उरकते. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मंत्रिमंडळाची धामधूम साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते. अर्ज, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मोजणी आणि शपथविधी असे सगळे टप्पे पाळणाऱ्या शाळा आहेत. कोणी चिठ्ठ्या टाकून मत घेतात, तर कोणी मोबाइलवरच्या मतदानयंत्राच्या ॲपने. मतदान अधिकारी मुलेच असतात. यादीत नाव शोधणे, बोटाला शाई लावणे, रांग सांभाळणे ही कामे पाचवी-सहावीची पोरे विलक्षण गांभीर्याने करतात. काही शाळांत निवडणूक होत नाही, शिक्षकच हुशार मुलांची नावे जाहीर करतात. त्यात वेळ वाचतो, पण हरलेल्या उमेदवाराने जिंकलेल्याशी हात मिळवण्याचा धडा बुडतो.

महाविद्यालयांत हाच वाद कायद्यापर्यंत गेला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. शाळांच्या मंत्रिमंडळाला असा आडकाठीचा इतिहास नाही. शाळा व्यवस्थापन समितीतही विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना जागा आहे.

सेवाग्रामची शाळा मध्यंतरी अनेक वर्षे बंद होती. २००५ मध्ये नयी तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा त्याच परिसरात पुन्हा सुरू केली. शेती, स्वयंपाक आणि सूतकताई तेथे आजही अभ्यासक्रमात आहेत.

छापील वार्षिकांकात हल्ली मंत्रिमंडळाचे रंगीत छायाचित्र हमखास असते. क्रीडामंत्र्याने कोणते सामने भरवले, आरोग्यमंत्र्याने पाण्याच्या टाकीचे काय केले, हे मात्र फार थोड्या अंकांत वाचायला मिळते. छायाचित्राखाली प्रत्येक मंत्र्याच्या कामाच्या चार ओळी छापायला जास्तीचे एक पान पुरे. जुन्या हस्तलिखितांचीही तातडीने दखल घ्यायला हवी. दुसरी प्रत नसल्याने वाळवीने किंवा पावसाच्या ओलीने एक अंक गेला की त्या वर्षाच्या मुलांचे लेखन कायमचे जाते. पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवणे नववीच्या वर्गाला एका दुपारी सहज जमण्यासारखे आहे.