विमानाच्या उच्च श्रेणीतील पोशाख

बिझनेस किंवा फर्स्ट क्लासचे तिकीट विकत घेणाऱ्या प्रवाशावर बहुतेक विमान कंपन्या विशिष्ट पोशाखाची सक्ती करीत नाहीत. मात्र अनवाणी पाय आणि आक्षेपार्ह कपडे अनेक कंपन्यांना अमान्य आहेत.

नियम कडक असतात ते कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या पासवर जाणाऱ्या आप्तांसाठी. मार्च २०१७ मध्ये डेन्व्हर येथे अशा पासवरील दोन मुलींना लेगिंग्जमुळे युनायटेड एअरलाइन्सच्या विमानात प्रवेश नाकारण्यात आला होता. पास वापरण्यापूर्वी कर्मचाऱ्याकडून नियम समजून घेणे म्हणूनच श्रेयस्कर. लाउंजचे नियमही वेगळे असू शकतात. क्वांटासच्या ऑस्ट्रेलियातील लाउंजमध्ये रबरी चपला चालत नाहीत.

पोशाख ठरवताना प्रकृतीचा विचार अधिक महत्त्वाचा. लांबच्या उड्डाणात केबिनमधील आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते आणि तासन्‌तास बसल्याने पाय सुजतात. दाबोळी वा मोपाच्या दमट हवेतून निघणाऱ्यास हा बदल विशेष जाणवतो. सैलसर सुती कपडे, सोबत शाल किंवा स्वेटर, मोजे आणि घट्ट नसलेले बूट सोयीचे ठरतात. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने कॉम्प्रेशन मोजे वापरावेत.