बर्फाच्या गणिताचे आजोळ

अ‍ॅलिसची नवलकथा रचणारा लुईस कॅरल आणि पाणी गोठल्यावर त्यातील हायड्रोजनचे अणू किती प्रकारांनी बसू शकतात हा पदार्थविज्ञानातील रुक्ष प्रश्न, यांचा परस्परांशी काही ऋणानुबंध आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणारा ते थट्टेवारी नेईल. परंतु तंतोतंत सुटणाऱ्या प्रणालींच्या वंशावळीत हा संबंध पक्का नोंदलेला आहे, आणि माझ्या मते तो समजला जातो त्याहून बराच अधिक रक्ताचा आहे.

पितृकुळाची हकीगत सर्वश्रुत आहे, म्हणून ती आटोपती घेतो. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, त्यांतले दोन जवळचे आणि दोन लांबचे, हा नियम बर्नाल व फाउलर यांनी १९३३ साली मांडला. नियम पाळूनही रचनांना भरपूर मोकळीक उरते हे हेरून पॉलिंगने १९३५ मध्ये दर रेणूमागे दीडपट असा अदमास केला. आणि सपाट चौकटीवर मांडलेल्या बर्फापुरते नेमके उत्तर, म्हणजे ४/३ या संख्येचा दीडावा घात, सुमारे १.५३९६, एलियट लीबने १९६७ मध्ये काढले, तेही हान्स बेथेने १९३१ साली चुंबकीय साखळीसाठी योजलेल्या युक्तीने.

आजोळाची कथा मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवणारा चार्ल्स डॉजसन, म्हणजेच आपला लुईस कॅरल, याने १८६६ साली, अ‍ॅलिसचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर लगेचच, निश्चयक काढण्याची एक संक्षेपाची रीत रॉयल सोसायटीपुढे ठेवली. संख्यांच्या चौरस तक्त्यातील शेजारशेजारच्या चार-चार घरांचा निश्चयक काढून त्यांचा एका ओळीने लहान तक्ता करावा, पुन्हा तसेच करावे, मात्र दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक उत्तराला दोन पायऱ्या मागच्या तक्त्याच्या आतल्या संख्येने भागावे, आणि शेवटी एकच संख्या उरेल तो निश्चयक. आतले घर शून्य निघाले तर भागाकार अडतो, हेही डॉजसनने ओळखले होते, आणि ओळी फिरवून घेण्याचा तोडगाही सुचवला होता.

येथे कज्जा उभा राहतो. ज्या नित्यसमानतेवर ही रीत आधारलेली आहे ती डॉजसनची नव्हे. याकोबीने ती आधी सिद्ध केली होती, आणि तिचे लहान आकारांचे दाखले देस्नानोच्या १८१९ सालच्या ग्रंथातही आहेत. सबब वारसा त्या दोघांचा, असे काटेकोर इतिहासकार म्हणतात. दस्तऐवज त्यांच्या बाजूने आहेत हे मला मान्य आहे, निवाडा नाही. नित्यसमानता एकदाच वापरून सोडली तर ती नुसते एक विधान असते. तीच फेरीमागून फेरी वापरली म्हणजे प्रत्येक फेरीत भागाकार होऊनही शेवटी छेद कसे नाहीसे होतात हा प्रश्न जन्माला येतो, आणि पुढची सारी संतती या प्रश्नाची आहे.

तीन ओळींचा तक्ता घेऊन पाहा. निश्चयकात सहा पदे असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु डॉजसनच्या रीतीत वाटेवर सातवे पद उद्भवते. मधल्या घराच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असलेल्या चार संख्यांचा गुणाकार, भागिले मधली संख्या, असे ते पद दोनदा येते, एकदा अधिक चिन्हाने व एकदा उणे चिन्हाने, आणि परस्पर खोडले जाते. तर्कशास्त्रात रमणाऱ्या डॉजसनच्या नजरेतून ते सुटले असेल, असे मला वाटत नाही.

१९८० च्या सुमारास प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स अ‍ॅनालिसीज या संस्थेतील मिल्स, रॉबिन्स आणि रम्सी यांनी डॉजसनच्या कृतीतील वजाबाकीच्या जागी कोणत्याही संख्येने गुणून बेरीज घातली, तेव्हा ते सातवे पद खोडले जाईना. त्या पदाचा तक्ता असा: चार बाजूंना एक, मध्ये उणे एक, कोपऱ्यांत शून्य. ज्यांच्या प्रत्येक ओळीत व स्तंभात एक आणि उणे एक आळीपाळीने येतात व बेरीज एक भरते, असे हे एकांतरचिन्ही आव्यूह. आकार वाढवत गेले की त्यांची संख्या १, २, ७, ४२, ४२९, ७४३६ अशी वाढते. हीच मालिका जॉर्ज अँड्र्यूजच्या प्रतलीय विभाजनांतही आढळली होती, म्हणून काहींनी तेच मूळ घराणे मानले. मला ती सोयरीक वाटते, रक्ताचे नाते नव्हे. संख्येचे सूत्र अनुमानाने मिळाले, सिद्धतेने मात्र दीर्घकाळ हुलकावणी दिली. गणिती झाइलबर्गरची १९९६ सालची सिद्धता चौऱ्याऐंशी पानांची होती आणि ती तपासायला अठ्ठ्याऐंशी माणसे बसवावी लागली.

त्याच साली ग्रेग कुपरबर्गने काही पानांत काम उरकले, कारण त्याने बर्फ ओळखला. आडव्या रेणूला एक, उभ्याला उणे एक आणि काटकोनात वळलेल्या चारही प्रकारांना शून्य लिहिले, व डाव्या-उजव्या कडांना हायड्रोजन भरून वरखाली जागा रिकामी सोडली, की चौरस बर्फाची प्रत्येक रचना म्हणजे एक एकांतरचिन्ही आव्यूह होतो. आणि अशा कडांच्या बर्फाची मोजदाद कोरेपिन व इझर्गिन या रशियनांनी आधीच करून ठेवली होती. इझर्गिनचे १९८७ चे सूत्र काय आहे? एक निश्चयक!

डॉजसनला नुसता मानद पूर्वज म्हणून बाजूला बसवणाऱ्यांना माझे उत्तर याच निश्चयकात आहे. २००० साली कोरेपिन आणि झिन-जस्टिन यांनी या बर्फाची वाढ काढली, ती क्रमाक्रमाने मोठ्या होणाऱ्या निश्चयकांना जोडणाऱ्या तोडाच्या समीकरणावरून. आणि ते समीकरण निघते याकोबीच्या त्याच नित्यसमानतेतून, तीही डॉजसनप्रमाणे फेरीमागून फेरी वापरून. उत्तर आले दर रेणूमागे ३√३/४, सुमारे १.२९९, म्हणजे लीबच्या १.५३९६ पेक्षा स्पष्टपणे कमी: नुसत्या कडा बांधून टाकल्याने मोकळीक आतपर्यंत घटते.